बाळ काचेत असताना बाहेर बसलेल्यांनी काय करायचं

आमची मुलगी एकतिसाव्या आठवड्यात झाली, वजन दीड किलोच्या आत. आता ती शाळेत जाते, म्हणून हे निवांतपणे लिहिता येतंय. हा लेख मुख्यतः बाळाच्या बापासाठी, आजीसाठी, मामा-काकांसाठी आहे. म्हणजे दिवस भरण्याआधी बाळ झालं आणि एनआयसीयूच्या (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाच्या) दाराबाहेर बाकावर येऊन बसले, अशा सगळ्यांसाठी. उपचार डॉक्टर बघतील, त्यात मी पडत नाही. पण काही कामं अशी आहेत की ती आतलं कुणीच तुमच्यासाठी करणार नाही, आणि त्यांतल्या बहुतेकांना मुदत आहे. काहींना तासांची, काहींना एकवीस दिवसांची, एकाला महिन्याची. बाकावर बसून दर तासाला नुसतं ‘बाळ कसंय’ विचारत राहिलं, की या मुदती गुपचूप निघून जातात.

३७ आठवडे पूर्ण होण्याआधी झालेलं बाळ मुदतपूर्व. जन्मवजन अडीच किलोच्या आत असेल तर कमी वजनाचं, दीड किलोच्या आत असेल तर फार कमी वजनाचं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुरे दिवस भरूनही बाळ दोन किलोचं असू शकतं, आणि त्याच्या अडचणी वेगळ्या असतात. फाइलवर आठवडे आणि वजन दोन्ही लिहिलेलं असतं, ते पाठ करा. पुढे प्रत्येक डॉक्टर पहिल्यांदा हेच विचारणार आहे.

आणि हो, ‘सातमाशी जगतं, आठमाशी जगत नाही’ असं सांगणारं कुणीतरी बाकावर भेटतंच. साफ खोटं आहे ते. आईच्या पोटातला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या फायद्याचा असतो, आठव्या महिन्यातलाही.

१. अजून बाळंतपण झालेलं नसेल तर आईला हलवा

कळा लवकर सुरू झाल्या, पाणी गेलं किंवा बीपी वाढल्यामुळे डॉक्टर लवकर सिझर करायचं म्हणताहेत, अशा वेळी पहिला प्रश्न हा विचारा: ‘इथे इतक्या लहान बाळाची सोय आहे का?’ नसेल आणि वेळ असेल, तर आई पोटातल्या बाळासकट मोठ्या रुग्णालयात जाणं केव्हाही बरं. दीड किलोच्या बाळाला रात्री रुग्णवाहिकेतून साठ-सत्तर किलोमीटर नेण्यापेक्षा ते शंभर पटीने सुरक्षित. अर्थात बाळ अगदी बाहेर यायच्या बेतात असेल तर निघू नका. हा निर्णय तपासणाऱ्या डॉक्टरांचाच.

दुसरा प्रश्न: ‘बाळाच्या फुफ्फुसांची इंजेक्शनं दिली का?’ ही स्टेरॉइडची इंजेक्शनं आईला देतात, साधारण २४ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान. सरकारी दवाखान्यांत बहुतेक डेक्सामेथासोन असतं: बारा-बारा तासांनी, एकूण चार. त्यामुळे बाळाची फुफ्फुसं लवकर तयार होतात. किती डोस झाले आणि किती वाजता, हे रेफर चिठ्ठीवर लिहून घ्या. पुढच्या रुग्णालयात ते विचारलं जातं, आणि त्या धावपळीत कुणालाच आठवत नाही.

सोय कुठे काय असते? प्रत्येक प्रसूतिगृहात नवजात बाळासाठी एक कोपरा असतो, तिथे वॉर्मर आणि श्वास चालू करून देण्याची साधनं असतात. त्याच्या वर काही ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत बाळाला स्थिर करणारा छोटा विभाग असतो. खरी सोय एसएनसीयूमध्ये (आजारी नवजात बाळांच्या खास सरकारी विभागात), म्हणजे जिल्हा रुग्णालय, स्त्री रुग्णालय किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात. व्हेंटिलेटरवरची, बाराशे ग्रॅमच्या आतली बाळं बहुधा वैद्यकीय महाविद्यालयांत किंवा मोठ्या खासगी एनआयसीयूत जातात. मुंबईत सायन, केईएम, वाडिया. पुण्यात ससून, केईएम. छत्रपती संभाजीनगरात घाटी. गोव्यात बांबोळीचं जीएमसी.

२. बाळ हलवायचंच असेल तर

१०८ला फोन करा आणि ‘मुदतपूर्व नवजात बाळ, ऑक्सिजन लागतोय’ असं स्पष्ट सांगा. सरकारी व्यवस्थेत आजारी बाळाची ने-आण मोफत आहे. निघण्याआधी समोरच्या रुग्णालयात जागा आहे का, हे इथल्या डॉक्टरांनाच फोन करून विचारायला सांगा. जागा नाही म्हणून दारातून परत फिरवणं हे या बाळांच्या जिवावर बेतणारं आहे.

वाटेत सगळ्यात मोठा शत्रू थंडी. लहान बाळाच्या अंगावर चरबी नसते, उघड्यावर ते काही मिनिटांत गार पडतं. चालती-फिरती काचपेटी मिळाली तर उत्तम. नाही मिळाली आणि डॉक्टरांनी हो म्हटलं, तर बाळाला टोपडं आणि लंगोट घालून कुणाच्या तरी उघड्या छातीशी लावून, वरून पांघरूण घेऊन न्या. गरम पाण्याच्या बाटल्या बाळाच्या अंगाशी ठेवू नका, कातडी भाजते.

सोबत काय हवं:
- रेफर चिठ्ठी: जन्माची वेळ, वजन, आठवडे, बाळ लगेच रडलं का, काय इंजेक्शनं दिली, शेवटचं दूध किंवा सलाईन कधी
- आईचा रक्तगट आणि एचआयव्ही, कावीळ-बी वगैरेंचे गरोदरपणातले रिपोर्ट
- आईच्या चिकाची छोटी वाटी किंवा सिरिंज, निघाली असेल तर
- आईचा फोन नंबर, आणि ती ज्या वॉर्डात आहे तिथल्या सिस्टरचा

यात एक गोष्ट हमखास निसटते. आईचा रक्तगट निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असेल, तर आईला बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन मिळायला हवं. आई एका गावात आणि बाळ दुसऱ्या गावात असेल, तर बाळाचा रक्तगट तिकडच्या फाइलमध्ये बसून राहतो आणि इकडे आईला कुणी इंजेक्शन देत नाही. हा निरोप पोचवणं तुमचं काम.

३. आईला बाळाजवळ आणा

आई बरी असेल आणि तिचे डॉक्टर सोडत असतील, तर तिला लवकरात लवकर बाळाच्या रुग्णालयात हलवा. सिझरची बाई कशी जाणार, तिला आराम करू दे, असं घरचे म्हणतील. तिला आराम मिळालाच पाहिजे, पण तो बाळाजवळच्या खाटेवरही मिळतो. बहुतेक एसएनसीयूला लागून आयांसाठी खोली असते. बाहेरून आलेल्या बाळांचा कक्ष वेगळा असतो आणि तिथल्या आईची खाट कुणी आपणहून देत नाही, सिस्टर-इन-चार्जना जाऊन विचारावं लागतं.

आत कुणाला सोडतात, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं. केंद्र सरकारने २०१७ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार एसएनसीयूमध्ये आईवडिलांना शिकवून बाळाच्या काळजीत सहभागी करून घ्यायचं आहे. म्हणून ‘आम्हाला आत यायला मिळेल का’ असं विचारू नका. ‘इथे आईवडिलांना शिकवायचा वर्ग कधी असतो’ असं विचारा, उत्तर वेगळं मिळतं.

आत जाताना अंगठी, बांगड्या, घड्याळ काढायचं, बाह्या वर करून कोपरापर्यंत साबणाने हात धुवायचे. मनगटावरचा गंडा-दोराही काढा. देवाचा आहे म्हणून तो ठेवायचा हट्ट करणारे मी पाहिलेत. ओला दोरा म्हणजे जंतूंचं घरटं आणि आतल्या बाळांना जंतुसंसर्गच सगळ्यात जास्त छळतो. मोबाइल शक्यतो बाहेरच. सर्दी-खोकला असलेल्याने, भले तो बाप असो, आत जायचं नाही.

४. कागद

एक जाड फाइल घ्या, आणि एक वही. फाइलमध्ये:
- आईवडिलांचं आधार, रेशनकार्ड (मूळ आणि प्रती)
- आईचं बाळंतपणाचं कार्ड आणि डिस्चार्ज कार्ड
- जन्माची नोंद केल्याची पावती, पुढे दाखला
- बाळाचे सगळे रिपोर्ट तारखेनुसार, एक्स-रे आणि सोनोग्राफीच्या फिल्मसकट
- तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, धर्मादाय किंवा मदतनिधीकडे जायचं असेल तर
- औषधांची बिलं

रुग्णालयात बाळाचं नाव ‘बेबी ऑफ’ आणि पुढे आईचं नाव असं चालतं. जुळी असतील तर पुढे १, २. म्हणून आईच्या नावाचं स्पेलिंग आधारवर आहे तसंच सगळीकडे लिहून घ्या. माहेरचं नाव एका कागदावर आणि सासरचं दुसऱ्यावर असलं की योजनेचा अर्ज तिथेच अडकतो.

जन्मनोंद २१ दिवसांच्या आत मोफत होते, नंतर विलंब शुल्क आणि खेटे. नोंद जिथे बाळ जन्मलं त्या गावची असते; तुमच्या गावची नाही, आणि बाळ नंतर जिथे हलवलं तिथलीही नाही. तालुक्याला जन्म आणि जिल्ह्याला उपचार असतील तर दाखला तालुक्यातूनच. नाव ठरलं नसलं तरी नोंद करा. बारसं होईपर्यंत थांबायची गरज नाही, नाव वर्षभरात मोफत घालता येतं.

नोकरी करणाऱ्या आईसाठी: मातृत्व लाभाची २६ आठवड्यांची रजा सगळ्यांना माहीत असते. मातृत्व लाभाच्या त्याच तरतुदींत बाळंतपण किंवा मुदतपूर्व प्रसूतीतून उद्भवलेल्या आजारपणासाठी आणखी एक महिन्यापर्यंत पगारी रजा आहे. त्यासाठी डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं, ते डिस्चार्जच्या दिवशीच मागा.

५. पैसे

सरकारी रुग्णालयात असाल तर जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली (हा २०११ पासून आहे) आजारी नवजात बाळाचे उपचार, औषधं, तपासण्या, रक्त, ने-आण सगळं मोफत आहे. बाहेरून औषध आणायची चिठ्ठी हातात पडली, तर आधी शांतपणे वॉर्डच्या इन-चार्जना किंवा वैद्यकीय अधीक्षकांना विचारा.

खासगीत असाल तर अॅडव्हान्स भरण्याआधी आरोग्यमित्राचं, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या सरकारी योजनेच्या मदतनिसाचं, टेबल शोधा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता सर्व रंगांच्या रेशनकार्डांना लागू आहे, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत, आणि नवजात बाळांचे उपचार तिच्यात आहेत. पण रुग्णालय योजनेत असणं पुरेसं नाही, ते नवजात विभागासाठी योजनेत आहे का हे विचारा. चौकशीला १५५३८८ हा नंबर आहे. आणि योजना कॅशलेस आहे. आधी रोखीने भरती करून, महिनाभराने ‘आता योजनेत घ्या’ म्हटलं तर भरलेले पैसे परत येत नाहीत. बाळाचं नाव रेशनकार्डावर नसणारच. आईवडिलांच्या कार्डावर काम कसं होतं ते आरोग्यमित्र सांगतो.

योजनेत बसत नसेल तर रुग्णालय धर्मादाय न्यासाचं आहे का बघा. महाराष्ट्रात अशा रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तिथल्या समाजसेवकाला पहिल्या दिवशी भेटा. बिल झाल्यावर जाऊन काही उपयोग नाही.

कंपनीचा ग्रुप विमा बऱ्याचदा बाळाला पहिल्या दिवसापासून धरतो, पण कळवावं लागतं. स्वतः घेतलेल्या अनेक पॉलिसी बाळाला तीन महिन्यांनंतरच घेतात. तुमच्या पॉलिसीचा तो परिच्छेद वाचा, एजंटच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

६. दूध: हे काम सगळ्यात मोठं

बाळ ओढू शकत नाही म्हणून दूध लागणार नाही, असं घरच्यांना वाटतं. सगळा घोटाळा इथे सुरू होतो. चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं हे तिन्ही एका तालात जमायला साधारण ३४ आठवडे लागतात. तोवर दूध नळीने पोटात जातं, मग वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने, मग अंगावर. पण दूध आईचंच हवं, आणि ते बाळ ओढत नसताना टिकवायचं असेल तर काढत राहावं लागतं.

पहिल्या तासा-दोन तासांत सुरुवात करा, सहा तासांच्या पुढे नेऊ नका. दर दोन-तीन तासांनी, दिवसातून किमान आठ वेळा, आणि रात्री एकदा तरी नक्की. पहिले दोन दिवस चमच्याचा तळ भिजेल एवढंच येईल. तो चीक आहे, पिवळा, घट्ट. फेकायचा नाही. त्यातला थेंबही सिरिंजने आत पाठवा. काही ठिकाणी तो बाळाच्या गालाच्या आत नुसता फिरवतात, तेवढ्यानेही उपयोग होतो. एवढ्याशा बाळाच्या आतड्याला जो भयंकर आजार होतो, ज्याला डॉक्टर एनईसी म्हणतात, त्याचं प्रमाण आईच्या दुधाने खूप कमी होतं.

हाताने काढायला सिस्टरकडून शिकून घ्या, पंपाची घाई नको. स्टीलची झाकणाची वाटी उकळून घ्यायची, हात धुवायचे, बोंडाच्या थोडं मागे अंगठा आणि बोट ठेवून आधी छातीकडे दाबायचं, मग पुढे. बाळाचा फोटो समोर ठेवून किंवा काचेशेजारी बसून काढलं की जास्त येतं, हे आयांनी एकमेकींना सांगितलेलं गुपित आहे आणि खरं आहे. काढलेलं दूध खोलीत चार तास, फ्रिजमध्ये एक दिवस. वाटीवर नाव, तारीख, वेळ.

बापाचं काम काय? गजर लावणं. वाटी उकळणं. दूध आत नेऊन देणं. वहीत लिहिणं. आणि ‘दूध येतंय का गं’ असं दर खेपेला विचारणाऱ्या पाहुण्यांना खोलीबाहेर काढणं. आईला दोन वेळचं गरम जेवण आणि झोप मिळाली तर अळीव-डिंकाच्या लाडवांवर वाद घालायची गरज उरत नाही. आवडत असतील तर खाऊ द्या.

तरीही पुरेसं आलं नाही तर? दुसऱ्या आयांचं दान केलेलं, तपासलेलं आणि पाश्चराइज केलेलं दूध ही पुढची पायरी. आशियातली पहिली दूधपेढी १९८९ साली सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. आता अनेक मोठ्या सरकारी रुग्णालयांत पेढ्या आहेत. शेजारच्या खाटेवरच्या बाईचं दूध परस्पर घेणं मात्र नको. पेढीत दात्या आईच्या रक्ताची तपासणी होते, वॉर्डात होत नाही. डबा, म्हणजे दुधाची पावडर, ही शेवटची पायरी, आणि ती डॉक्टरांनी कारण सांगून लिहून दिली तरच. डबा ‘दुकान बंद’ असं लिहिलेल्या बोर्डासारखा असतो: एकदा लागला की आईकडे गिऱ्हाईक येणं थांबतं. १९९२च्या कायद्याने डब्यांची जाहिरात आणि फुकट नमुने वाटणं यांवर बंदी आहे. कुणी ‘सॅम्पल’ हातात ठेवलं तर ते परत करा.

७. कांगारू

बाळ स्थिर झालं की सिस्टर ‘केएमसी (कांगारू मदर केअर) द्या’ म्हणतील. आईने किंवा बापाने समोरून उघडणारा सदरा घालायचा, बाळाला फक्त लंगोट, टोपडं, मोजे, आणि उघड्या छातीवर उभं धरायचं. डोकं एका बाजूला वळलेलं, हनुवटी छातीवर टेकलेली नको, म्हणजे नाक मोकळं राहतं. वरून दुपटं किंवा ओढणी घट्ट बांधायची आणि अर्धवट रेलून बसायचं. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटात काचपेट्या अपुऱ्या पडल्या म्हणून ही पद्धत सुरू झाली. गरिबांची सोय म्हणून तिच्याकडे बघू नका. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाच देशांतल्या अभ्यासात (त्यात दिल्लीचं सफदरजंग होतं) एक ते १.८ किलोच्या बाळांना जन्मानंतर लगेच असं छातीशी धरलं, तेव्हा स्थिर होईपर्यंत थांबण्याच्या रिवाजापेक्षा मृत्यू पंचवीस टक्क्यांनी कमी झाले. जागतिक आरोग्य संघटना आता दिवसाला आठ ते चोवीस तास सांगते.

आठ तास एकटी आई बसू शकत नाही. बाप, आजी, मावशी, सगळे पाळ्या लावू शकतात. एका वेळी निदान तासभर, कारण उचलून-ठेवून बाळ दमतं. सीपॅपवर (नाकातून दाबाने हवा देणाऱ्या यंत्रावर) किंवा सलाईनवर असलं तरी बऱ्याच बाळांना देता येतं, विचारून घ्या. छातीवर केस आहेत, बाळाला टोचतील, ही बापांची आवडती सबब आहे. टोचत नाहीत.

८. डॉक्टरांना काय विचारायचं

दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी, एकाच माणसाने. मामाने एक ऐकलं, आजोबांनी दुसरं, की संध्याकाळपर्यंत बाळ बरंही झालेलं असतं आणि अत्यवस्थही. वहीत रोज एवढंच लिहा: आजचं वजन, किती मिली दूध किती तासांनी, श्वासाला काय आधार, नवीन काय, उद्या काय करणार.

काही शब्द कानावर पडतील. सरफॅक्टंट: फुफ्फुसं उघडी ठेवणारं औषध, नळीने आत सोडतात. सीपॅप: नाकातून सतत दाबाने हवा, व्हेंटिलेटरच्या आधीची पायरी. अॅप्निया: लहान बाळ श्वास घ्यायचंच विसरतं, मॉनिटर वाजतो, सिस्टर टाच चोळतात. त्यासाठी कॅफीन देतात, हो, चहा-कॉफीतलंच. फोटोथेरपी: काविळीसाठी निळा प्रकाश. ही कावीळ मोठ्यांच्या काविळीसारखी संसर्गाची नव्हे, पण लहान बाळात ती कमी आकड्यालाही मेंदूला घातक ठरते, म्हणून ‘कोवळ्या उन्हात धरू’ म्हणून अडवू नका. ऑक्सिजन ९० ते ९५च्या दरम्यान ठेवतात. मॉनिटरवर १०० दिसला की आपल्याला बरं वाटतं, पण ऑक्सिजन चालू असताना तो जास्त होणं डोळ्यांना वाईट.

पहिल्या आठवड्यात वजन कमी होणार आहे, दहा टक्के, कधी पंधरा. दहा-चौदा दिवसांत ते जन्मवजनावर येतं. त्यानंतर मात्र रोज वाढलं पाहिजे.

९. डोळे, कान, डोकं: या तारखा भिंतीवर लिहा

डोळे. ३४ आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोच्या आत जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा जन्मापासून तीस दिवसांच्या आत तपासलाच पाहिजे. २८ आठवड्यांच्या आतलं किंवा बाराशे ग्रॅमच्या आतलं असेल तर दोन ते तीन आठवड्यांत. या आजाराला आरओपी म्हणतात. बाहेरून काहीच दिसत नाही, डोळा लाल होत नाही, पाणी येत नाही. गरज पडली तर लेझर दोन-तीन दिवसांतच करावा लागतो, उशीर झाला तर दृष्टी कायमची जाते. साध्या चष्म्याच्या डॉक्टरकडे हे होत नाही, रेटिनाचे डॉक्टर लागतात. तपासणीआधीच डिस्चार्ज मिळाला तर ती तारीख आणि ठिकाण कार्डावर लिहून घेतल्याशिवाय पाऊल बाहेर टाकू नका. एक तपासणी झाली म्हणजे संपलं असंही नाही, ‘पडदा पूर्ण तयार झाला’ असं लेखी मिळेपर्यंत दर एक-दोन आठवड्यांनी जावं लागतं.

कान. एनआयसीयूत राहिलेल्या बाळासाठी फक्त ओएई (कानात आवाज सोडून करायची झटपट चाचणी) पुरत नाही, बेरा (आवाजाचा संदेश मेंदूकडे पोचतो का बघणारी चाचणी) करून घ्या. महिन्याच्या आत चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत यंत्र किंवा उपचार.

डोकं. ३२ आठवड्यांच्या आतल्या बाळाच्या टाळूवरून सोनोग्राफी करतात, रक्तस्राव बघायला. रिपोर्टची प्रत घ्या.

१०. घरी नेताना

बाळ स्वतःचं तापमान राखतंय, तोंडाने पितंय, तीन दिवस सलग वजन वाढतंय, बरेच दिवस श्वास थांबलेला नाही, असं झालं की सोडतात. वजन त्या वेळी बहुधा सोळाशे-अठराशेच्या आसपास असतं. निदान दोन दिवस आईने सगळं स्वतः, सिस्टरच्या देखरेखीखाली केल्याशिवाय घाई करू नका.

डिस्चार्ज कार्डावर तपासा: जन्मवजन आणि आताचं, आठवडे, व्हिटॅमिन के आणि लसी दिल्याच्या तारखा, डोळे-कान-सोनोग्राफी, लोह आणि ड जीवनसत्त्वाचे थेंब किती आणि कधी वाढवायचे (लोहाचा डोस वजनावर असतो), पुढची तारीख, रात्री फोन करायचा नंबर.

घरी आशाताई येतील. डिस्चार्जनंतर त्यांनी घरी येऊन बाळाचं वजन, तापमान, श्वास बघायचा असतो. नवजात बाळाची घरी येऊन काळजी घेण्याचं हे काम डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गडचिरोलीत उभं केलं, १९९९ मध्ये त्याचा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला, आणि मग ते देशभर गेलं. आल्या नाहीत तर उपकेंद्रात जाऊन नाव सांगा.

आता घरच्यांचा विषय, आणि तो अवघड आहे. आजीचं मन मोडायचं नाही, पण पुढची यादी डॉक्टरांकडून कागदावर लिहून आणा, म्हणजे सुनेला वाईट व्हावं लागत नाही. घुटी नाही. मध नाही, वर्षभर नाही. धुरी नाही, ओव्याची नाही, वावडिंगाचीही नाही. ज्या फुफ्फुसांसाठी एवढं केलं त्यांत धूर कशाला? बंद खोलीत कोळशाची शेगडी तर कधीच नाही. काजळ नाही. नाका-कानात तेल नाही. आंघोळ वजन दोन-अडीच किलो होईपर्यंत नाही, ओल्या फडक्याने पुसा. टोपडं, झबलं, मोजे, कुंची हे सगळं आजीने शिवावं, त्यात ती डॉक्टरांपेक्षा हुशार आहे. कांगारू घरीही चालू, बाळ अडीच किलोचं होईपर्यंत किंवा ते स्वतःच वळवळून बाहेर पडू लागेपर्यंत. दर दोन तासांनी दूध, झोपलं असेल तरी उठवून. झोपवायचं पाठीवर. बारसं करायचं तर घरच्या चौघांत, गावजेवण नंतर.

काखेतलं तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस असावं. थर्मामीटर नसेल तर तळपाय हाताच्या पाठीने बघा. पोट गरम आणि पाय गार म्हणजे थंडी लागली, लगेच छातीशी घ्या.

यांतलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता निघा:
- दूध पिणं बंद किंवा एकदम कमी
- मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास, बरगड्या आत ओढल्या जाणं, कण्हणं
- श्वास थांबणं, ओठ निळे
- झटके
- ताप, किंवा छातीशी धरूनही गार राहणं
- सुस्त पडणं, नेहमीपेक्षा हालचाल कमी
- तळहात-तळपायापर्यंत पिवळेपणा
- पोट फुगणं, हिरवी उलटी, शी-तून रक्त

श्वास पूर्ण एक मिनिट मोजा, बाळ शांत असताना. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, या बाळांचा श्वास एकसारखा नसतो.

११. लसी खऱ्या वयाने, वाढ करेक्टेड वयाने

लस जन्मतारखेवरून. बाळ लहान आहे म्हणून दीड महिन्याची लस अडीच महिन्यांवर ढकलू नका. उलट या बाळांना आजार जास्त घातक असतात. तब्येत स्थिर असली की वजन आडवं येत नाही. घरातल्या मोठ्यांनी फ्लूची लस घ्यावी का, हेही विचारून घ्या.

मान धरणं, बसणं, बोलणं यांसाठी मात्र करेक्टेड वय. ३२ आठवड्यांना झालेलं बाळ आठ आठवडे लवकर आलं. ते सहा महिन्यांचं झालं तेव्हा त्याला चार महिन्यांच्या बाळाशी ताडून बघायचं. असं दोन वर्षांपर्यंत. शेजारणीच्या नातवाशी तुलना करणाऱ्यांना हे एकदा समजावून सांगा, दुसऱ्यांदा विषय बदला.

करेक्टेड वय मोजूनही बाळ मागे वाटलं, एक हात कमी वापरतंय, पाय ताठ ठेवतंय, तीन महिन्यांना नजर लावत नाही, तर ‘होईल हळूहळू’ म्हणून थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम (आरबीएसके) २०१३ साली आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्याखाली जिल्हा रुग्णालयांत डीईआयसी हे केंद्र असतं. फिजिओथेरपी, वाचा, श्रवण, डोळे अशा सगळ्या तपासण्या आणि उपचार तिथे मोफत होतात. अंगणवाडीत येणाऱ्या आरबीएसकेच्या पथकाकडूनही तिथे पाठवता येतं.

पाठपुराव्याची ओपीडी सुरुवातीला दर आठवड्याला, मग महिन्याला, मग तीन महिन्यांनी असते. बाळ गुटगुटीत दिसायला लागलं की लोक जाणं सोडतात, पण वाचनातली, लक्ष देण्यातली अडचण शाळेच्या वयातही दिसू शकते. पुण्याच्या केईएममध्ये १९८७ ते १९८९ दरम्यान जन्मलेल्या कमी वजनाच्या मुलांचा अठराव्या वर्षापर्यंत पाठपुरावा केला गेला. आम्हीही मुलीच्या पहिलीच्या प्रवेशाआधी जुनी फाइल घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे गेलो होतो. त्यांनी नजर आणि कान पुन्हा तपासून घेतले. जाड फाइल टाकून देऊ नका.